सोलापुरात स्पर्धेचं रिमोटवरचं मॉडेल ग्लायडर सुरू करायचंय, एफ५जे (मोटरवाला वर्ग) घेऊ की एफ३के (हाताने फेकायचा वर्ग)?

आधी एफ३के. पंख टोकापासून टोकापर्यंत जास्तीत जास्त दीड मीटर, मोटर नाही. पंखाच्या टोकाची खुंटी धरून गरकन फिरायचं नि सोडायचं. एफ५जेत मोटर ३० सेकंदांपर्यंत चालते, पण उंचीचे गुण कापतात: २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा, पुढे ३. म्हणजे थर्मल (वर चढणारी गरम हवा) खालूनच हेरता यायला हवा, आणि ती नजर एफ३केवरच तयार होते. एप्रिलात नांगरलेल्या काळ्या रानावर घारी घिरट्या घालतायत का बघा, तिकडेच वळवा. फक्त होटगी रोडला विमानतळाच्या आसपास नको.

नाकाचा भाग कार्बनचा असेल तर रिसीव्हरची अँटेना बाहेर काढा, कार्बन सिग्नल अडवतो. आणि दुपारी बंद गाडीत ग्लायडर ठेवू नका. आपलं ऊन माहितीये ना? पंखाला पीळ बसतो, लायपो बॅटरी फुगते.