दुबईला निघालात आणि बागेचं खरेदीखत मे महिन्यात?

प्रश्न : वय 37. जयगडच्या बंदरात क्रेन देखभालीचं काम करतो, हातात 58 हजार येतात. दुबईत 9 हजार दिरहमची नोकरी मिळाली आहे, 12 ऑक्टोबरला निघतोय. बायको, मुलगी, आईवडील गावीच राहतील. दरमहा दीड लाख शिल्लक पडेल. ती एनआरई ठेवीत (अनिवासी भारतीयांची, परदेशातल्या कमाईची बँक ठेव) टाकू की एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) करू? 150 हापूस कलमांची बाग 40 लाखांना ठरवली आहे. मालक वर्षाला 300 पेट्या, 2,500 चा भाव सांगतो. 5 लाख विसार (आगाऊ रक्कम) देऊन साठेखत (विक्रीचा आधीचा करार) केलं. ठेवीतले 15 लाख, सोनंतारणाचे 8 आणि दुबईची शिल्लक मिळून मे महिन्यात सुट्टीवर आलो की खरेदीखत. सातबारा आणि साठेखताची प्रत सोबत जोडली आहे. खातं बदलायला गेलो तेव्हा बँकेने वर्षाला 2 लाख हप्त्याची गॅरंटीड पॉलिसीही दिली. 10 वर्षं भरायचे, 18 वर्षांनी 38 लाख मिळतील. कागद वीस दिवसांपूर्वी आले.

उत्तर : एसआयपीचं शेवटी बघू. आधी मे महिन्याचं बोलू, कारण तुमचं खरं नुकसान तिथे व्हायचंय.

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या कायद्याने, म्हणजे फेमाने, तुम्ही अनिवासी ठरता. त्यासाठी 182 दिवस मोजत बसायचे नसतात, ते आयकराचं गणित. आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत, फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने येऊ शकते. निवासी असताना घेतलेली ठेवता येते. पण दुबईहून येऊन नवी खरेदी नाही, मग घरात पिढ्यान्‌पिढ्या शेती का असेना. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. 5 लाख विसार घेताना हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता तुम्ही पाठवलेला सातबारा बघा. त्यावर नऊ नावं आहेत, सगळी सामाईक. साठेखतावर सह्या तिघांच्या. उरलेले सहा जण कुठे आहेत, मुंबईत की मयत, त्यांची वारसनोंद झाली का, कोणाचं हक्कसोडपत्र आहे का, याचा साठेखतात एका ओळीचाही उल्लेख नाही. कोकणातले निम्मे वाद इथूनच उभे राहतात. पण तुमच्या बाबतीत हीच तुमची सुटका ठरू शकते. पूर्ण जमिनीचा हक्क जे देऊच शकत नाहीत, त्यांच्याकडे विसार परत मागायला जागा आहे. निघण्याआधी दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा आणि लेखी नोटीस पाठवा. 5 लाखांतले थोडे सुटले तरी सोडा.

सुटले तरी चालतील, कारण बागेचा हिशेबही जमत नाही. मालक सांगतो 300 पेट्या, 2,500 चा भाव, साडेसात लाख. हे चांगल्या वर्षाचं आणि सुरुवातीच्या पेटीचं बोलणं झालं. हापूसला आड वर्ष असतं, म्हणजे एक वर्षाआड फळ कमी, अवकाळी येतो, फुलकिडे येतात, मे उजाडला की भाव बसतो. चांगली-वाईट वर्षं मिळून 180 पेट्या आणि सरासरी 1,800 धरा, सव्वातीन लाख होतात. फवारण्या, राखण, तोडणी, खोकी, गाडीभाडं, वाशीची दलाली यात निम्मे गेले की हातात दीड-पावणेदोन लाख. 40 लाखांवर चार टक्के, तेही तुम्ही दुबईत असताना. 2020 च्या निसर्ग वादळाने आणि 2021 च्या तौक्तेने किनाऱ्यावरच्या बागांची काय दशा केली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय पैसा कुठे आहे? शेवटचे 12 लाख दुबईतून यायचेत. भाडं, जेवण, जाणं-येणं धरून एकट्याचा खर्च 4 हजार दिरहम. उरले 5 हजार, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, दीड लाख नव्हेत. एप्रिलपर्यंतच्या सहा पगारांचे सात लाख, त्यातून तिथे बस्तान बसवण्याचा खर्च वजा केला की सहा. बाकी सहा लाख कोण देणार? आणि ठेव मोडून, बायकोचे दागिने तारण ठेवून नोकरी सहा महिन्यांत गेली तर घर कशावर चालेल?

बाग हवीच असेल तर वडिलांना पैसे बक्षीस द्या, त्यावर त्यांना कर नाही, आणि सगळ्या नऊ जणांचा हक्क निकाली निघाल्यावर त्यांच्या नावावर खरेदी होऊ दे. मात्र ती बाग मग वडिलांची. तुम्हाला भावंडं असतील तर त्यांचाही वाटा आला.

पॉलिसी आजच परत करा. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात, तुमचे दहा दिवस उरलेत. 20 लाख भरून अठराव्या वर्षी 38 लाख म्हणजे वर्षाला पाच टक्केही नाहीत. खातं बदलायला आलेल्या माणसाच्या गळ्यात हे घालणं मला अजिबात मान्य नाही. त्याऐवजी दीड कोटीचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे तुमचं बरंवाईट झालं तरच घरच्यांना रक्कम देणारा. आईवडील कंपनीच्या आरोग्य विम्यात असतील तर तो राजीनाम्याबरोबर संपेल, त्यांची वेगळी पॉलिसी निघण्याआधी काढा.

एक करही विसरलात. 1 एप्रिल ते 12 ऑक्टोबर 195 दिवस होतात, म्हणजे 182 च्या वर, म्हणून या आर्थिक वर्षापुरते आयकराला तुम्ही निवासीच. मार्चपर्यंतचा दुबईचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. तिथे कर नाही म्हणून इथेही नाही, असं समजू नका.

आता तुमचा प्रश्न. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या पैशांसाठीचं) करून घ्या, एनआरई नवं उघडा. पहिल्या वर्षाची सगळी शिल्लक एनआरई ठेवीत, घरखर्चाचे बारा महिने पुरेपर्यंत. व्याज करमुक्त असतं, पण ठेव वर्षभर तरी मोडू नका, नाहीतर व्याजच मिळत नाही. एसआयपी नोकरी वर्षभर टिकल्यावर, तीस हजारांपासून.