आधी सांग, काम बदलायचंय की हुद्दा?

प्रिय मित्रा,

एमबीए एक वर्षाचं करावं की दोन वर्षांचं, हे ठरवायला तू बनवलेली एक्सेल शीट बघितली. फी, हॉस्टेल, कर्जाचा हप्ता, सगळं नीट मांडलंयस. 'वाचलेला पगार' हा रकाना तर हिरवा रंगवलायस. हिंजवडीत सहा वर्षं काढलेल्या माणसाची शीट चोखच असणार. पण एक ओळ त्यात कुठेच नाही. तुला काम बदलायचंय की हुद्दा? फोनवरही हेच विचारलं होतं, तेव्हा तू फीवर घसरलास.

हुद्दा बदलायचा असेल, याच आयटीत टीम लीडच्या पुढे जायचं असेल, तर एक वर्षाचं एमबीए बिनधास्त कर. हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलनं २००१पासून हा रस्ता रुळवलाय. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला तर किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो. तू कामात मुरलेला आहेस हे तिथे गृहीतच धरतात. वर्गातली मंडळीही साधारण तुझ्याच वयाची असतात, आणि एका वर्षाचा पगार खरंच वाचतो.

पण तू लिहितोस, 'बँकिंग, नाहीतर मार्केटिंग'. ते 'नाहीतर' मला खटकतं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात आठ-दहा आठवड्यांची समर इंटर्नशिप असते. परक्या क्षेत्रात शिरून बघायचं, नाही जमलं तर फार काही न गमावता मागे फिरायचं, ही सोय तिथेच. आपल्याकडच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत ती बहुधा नसते. (फ्रान्सच्या इन्सियाडमध्ये जानेवारीच्या तुकडीला उन्हाळ्यात तेवढी मोकळीक मिळते, पण तुझ्या शीटमध्ये युरोचा रकाना नाही.) इथल्या एक वर्षाच्या वर्गात एप्रिलमध्ये आत गेलास की नोकरीच्या मुलाखतींसाठी दिवाळीच्या आत सीव्ही पक्का हवा, आणि फायनान्स आपल्याला आवडतं का, हेच तोवर कळलेलं नसतं. मुलाखतीचं पॅनल विचारतं, आयटी का सोडताय? पोरगं चाचरतं आणि शेवटी आयटीचीच ऑफर घेऊन येतं. काम तेच, हुद्दा नवा, डोक्यावर कर्ज. अरे, मग शीट कशाला बनवलीस!

मी दोन वर्षांचंच केलं. कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हा बाबांची निवृत्ती तोंडावर आली होती. ते एका शब्दानंही बोलले नाहीत, आणि तेच अजून टोचतं. बोलले ते नातेवाईक. पण त्या उन्हाळ्यात सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत साबणाच्या ऑर्डरी मागत, दुकानदारांची बोलणी खात हिंडले नसते, तर आजही शिफ्टचे तक्ते भरत बसले असते. मला काम बदलायचं होतं, हुद्दा नव्हे. ताई आपलीच बाजू लावून धरते, असं म्हणशील. धरतेच. ते जादा वर्ष वाया गेलं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आणि हो, शिक्षणाच्या कर्जाच्या व्याजावर तू आयकरात वजावट धरलीयेस. नव्या कररचनेत ती मिळत नाही, तेवढं दुरुस्त कर.

जीमॅट या प्रवेश परीक्षेची घाई नको, गुण ५ वर्षं चालतात. त्याआधी बँकेत खरोखर क्रेडिटचं, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही हे तपासण्याचं, काम करणारा कोणीतरी गाठ आणि त्याचा अख्खा मंगळवार कसा जातो ते विचार. ऐकताना जांभई आली तर मार्केटिंगवाला शोध. दोन्हीकडे आली तर तुला हुद्दाच हवाय, मग खुशाल एक वर्षाचा अर्ज भर. शिफारसपत्र मी देईन.

तुझी,
ताई