घर बघण्याआधी बिल बघा

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून खूश होऊन येताय, हरकत नाही. पण तिथला प्रॉपर्टी टॅक्स चांगलाच झोंबतो. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), शहर, स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), सगळे आपापला वाटा लावतात. नव्या वसाहतीत पाणी-सांडपाण्याच्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे ‘मड’चा, कर वर. त्यामुळे सारख्याच किमतीच्या दोन घरांचा वर्षाचा कर वेगवेगळा निघतो. एजंट ‘साधारण’ आकडा सांगेल. तुम्ही काउंटीच्या साइटवर तो पत्ता टाकून बघा.

शाळेसाठी घर घेत असाल तर पत्त्यातल्या शहराच्या नावावर जाऊ नका. टपालाचं शहर एक, स्कूल डिस्ट्रिक्ट भलतंच, असं सर्रास होतं. नवी शाळा उघडली की हद्दीही सरकतात.

मी पहिलं घर रविवारी दुपारी पाहिलं. ऑफिस वीस मिनिटांवर! सोमवारी सकाळी साडेसातला तेवढ्याच रस्त्याला तास लागला. तेव्हा एकदा कामाच्या वेळेला गाडी काढून बघाच.

पुराचं विसरू नका. नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत, तो वेगळा घ्यावा लागतो. फेमाच्या (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशात घर पुराच्या झोनबाहेर दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. 2017 च्या हार्वे वादळात ह्युस्टनची झोनबाहेरची पुष्कळ घरं पाण्यात गेली.

एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम सही करण्याआधी वाचा, कंटाळवाणे असले तरी. आणि जमलं तर पहिलं वर्ष भाड्यानेच काढा. सामान दोनदा हलवायचा वैताग आहे, कबूल.