अमेरिकेतले खटले आणि तुमच्या भावाच्या दाढा

ताई, तुमचा प्रश्न असा: भाऊ व्यसनमुक्तीसाठी दोन वर्षं बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची जिभेखालची गोळी घेतोय, चार दाढा गेल्या, अमेरिकेत याच औषधावरून खटले चालू आहेत, तर नाशिकमध्ये बसून भरपाई मागता येईल का. मी वकील नाही. बारा-तेरा वर्षं लोकांना ग्राहक आयोगाचे तक्रारअर्ज लिहून देतोय, त्या हिशेबाने वाचा.

सगळ्यात आधी, रागाच्या भरात त्याला गोळी बंद करू देऊ नका. व्यसन उलटलं तर दाढा परवडल्या म्हणायची वेळ येईल. बदल करायचा तो त्याच्या डॉक्टरांनीच. तोवर गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा मोठा घोट तोंडात घोळवून गिळायचा आणि निदान तासभर दातांना ब्रश लावायचा नाही. कडू लागतं म्हणून लोक लगेच घासायला जातात, तेच टाळायचं.

हा सल्ला अमेरिकेच्या एफडीएचाच, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा आहे, जानेवारी २०२२ मधला. तोंडात विरघळणाऱ्या बुप्रेनॉर्फिनमुळे दात किडल्याच्या, पडल्याच्या ३०५ नोंदी त्यांच्याकडे होत्या, त्यातल्या १३१ गंभीर. आधी दातांची तक्रार नसलेलेही त्यात होते. औषध मात्र २००२ पासून बाजारात. खटल्यांचा रोख तिथेच आहे: औषध वाईट असं नाही, दातांचा धोका वेळेवर का सांगितला नाही. सुबॉक्सोन या नावाने विकल्या जाणाऱ्या याच औषधाच्या जिभेखालच्या फिल्मबद्दलचे (विरघळणाऱ्या पातळ पट्टीबद्दलचे) हे दावे फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर ओहायोच्या फेडरल कोर्टात एकत्र केले गेले. ते तिथल्या रुग्णांचे. तुमच्या भावाने इथली गोळी घेतली, त्यामुळे ‘अमेरिकेच्या केसमध्ये नाव घालून देतो’ म्हणत कुणी व्हॉट्सॲपवर फी मागितली तर सरळ ब्लॉक करा.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. कलम ८४ प्रमाणे पुरेशा सूचना दिल्या नाहीत तर उत्पादक जबाबदार. वाचून बरं वाटतं, पण पुढे कलम ८७ आहे. वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायची असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला धोका नीट कळवला असेल, तर कंपनी सुटते. ही गोळी नेमकी तशीच. म्हणून भावाने सुरुवात केली त्या वर्षी खोक्यातल्या पत्रकावर दातांबद्दल काही छापलं होतं का, यावर सगळं आलं. छापलं असेल आणि डॉक्टर बोलले नसतील, तर तक्रार डॉक्टरांकडे वळते. तिथे दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत हाती नसेल तर फार पुढे जाता येत नाही. आणि सगळ्यांना फुकट औषध देणाऱ्या सरकारी केंद्रातून गोळ्या मिळत असतील, तर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ती सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. उशीर माफ करायचा अर्ज देता येतो, पण त्यावर विसंबू नका. औषधासाठी किंवा उपचारासाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही.

आता कागद. इथे माझंच रडगाणं सांगतो. आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी होती. दाढ काढल्यावर जखम भरेना, जबड्याचं हाड उघडं पडलं. गोळे कॉलनीतून घेतलेल्या औषधांची बिलं मी पिशवीत जपून ठेवली होती. काढून ट्यूबलाइटसमोर धरली तर कोरी! थर्मल कागद, शाई उडालेली. डोक्यावर छापलेलं दुकानाचं नाव तेवढं राहिलं होतं. गोळी सुरू होण्याआधीचा जबड्याचा एक्स-रे तर नव्हताच. लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचा अर्ज लिहिलाच नाही.

म्हणून आज रात्रीच सगळ्या बिलांचे, चिठ्ठ्यांचे, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचे फोटो काढा, बॅच नंबर दिसेल असे. पत्रक सापडलं तर सोन्यासारखं जपा. डॉक्टरांकडे रेकॉर्ड लेखी मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांत द्यायचं म्हटलंय. पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढून कुठला दात कुठे किडलाय ते दंतवैद्याकडून लिहून घ्या. १८००-१८०-३०२४ वर औषधाच्या दुष्परिणामाची नोंदही करा. त्यातून पैसे मिळणार नाहीत, पण नोंद व्हायला हवी.

समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल तो व्यसनाच्या काळातल्या दातांचा. दुसरा तंबाखू-गुटख्याचा. भावाला घरीच विचारून घ्या, खरं ते. गोळ्या सुरू होण्याआधी त्याने कधी दाढ भरून घेतली असेल तर त्या दवाखान्याचा जुना कागद तुमच्या सगळ्या फाइलपेक्षा मोलाचा.

गोळी सुरू झाल्याची तारीख, पहिली दाढ काढल्याची तारीख आणि औषध विकत की फुकट, एवढं इथे लिहा. नाव-गाव नको. मुदत उरली आहे की नाही ते त्यावरून बघू.