गोल्फमध्ये लांबचा पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) कधी अर्ध्यात थांबतो, कधी होलच्या पार पुढे जातो. अंतर कसं साधायचं?

बहुतेक वेळा गडबड ताकदीने अंतर साधायला गेल्याने होते. पटर (पट मारायची काठी) थोडासाच मागे नेऊन मनगटाने झटका दिला की चेंडू सुसाट सुटतो. खूप मागे नेऊन ऐन वेळी हात आखडला की तो मध्येच थांबतो. लय तीच ठेवा, फक्त पटर मागे नेण्याची लांबी बदला.

सरावाला ३, ६ आणि ९ मीटरवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) रोवा. प्रत्येक टीकडे ३ चेंडू मारा, पण एकाच टीकडे सलग नको, आलटूनपालटून. चेंडू टीपाशी किंवा तिच्यापुढे अर्ध्या मीटरच्या आत थांबला तर चांगला. मारण्याआधीचे एकदोन रिकामे स्ट्रोक चेंडूकडे नव्हे, होलकडे बघत करा. हाताला अंदाज तिथूनच येतो.

तरीही कमी-जास्त होत असेल तर चेंडू पटरच्या पात्याच्या मध्याऐवजी टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूला) लागतोय का ते तपासा. तेवढ्याच स्ट्रोकला तो कमी पळतो, आणि दोष उगाच अंदाजाला जातो. पकड सैल हवी. चढावर होल थोडा पुढे आहे असं धरून मारा, उतारावर अलीकडे. सकाळी दव असेल तर ग्रीन संथ असतं, म्हणून खेळण्याआधी सराव-ग्रीनवर दहा मिनिटं लांबचेच पट मारा.