दावा, बांबू, तलाव आणि रानडुक्कर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पूर्व विदर्भातले आहेत. गाव आणि शासन यांनी मिळून रान-पाणी राखायचं ठरवलं की नेमकं कुठे अडतं, ते या प्रश्नांत दिसतं.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. ‘नकाशा अपूर्ण, वनविभागाची सही नाही’ असा शेरा मारून उपविभागस्तरीय समितीने तो परत पाठवला. म्हणजे दावा फेटाळला का? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?
— ग्रामसभा सदस्य, गडचिरोली जिल्हा

दावा फेटाळलेला नाही. ठराव अपुरा वाटला किंवा आणखी तपासणी हवी असेल, तर समितीने दावा फेरविचारासाठी ग्रामसभेकडेच पाठवावा, असं वनहक्क कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांत (नियम १२-अ) म्हटलं आहे. मात्र त्रुटी काय आहेत ते लेखी घ्या. तोंडी सांगितलेल्या त्रुटी दर महिन्याला बदलतात.

आता सहीचं. ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने पडताळणीची तारीख ठरवून वन आणि महसूल या दोन्ही विभागांना लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. त्यांनी हजर राहून कार्यवाहीवर हुद्दा व तारखेसह सही करणं अपेक्षित आहे. ‘आमचा माणूस हजर नव्हता’ असा आक्षेप त्यांनी नंतर घेतला, तर फेरपडताळणी होते. त्या वेळीही ते आले नाहीत, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम मानला जातो. या तरतुदीचा आधार तुम्हाला मिळेल, पण त्यासाठी दोन्ही वेळच्या नोटिशींच्या पोचपावत्या फाइलला लावलेल्या हव्यात. बहुतेक गावांकडे नेमका हाच कागद नसतो.

नकाशासाठी शिवार पायी फिरा. सोबत दोन-तीन म्हातारी माणसं, गुराखी आणि मोहफूल वेचणाऱ्या बाया हव्यातच, कारण सीमा त्यांच्याच पायाखालची असते. नाला, टेकडी, देवस्थान, जुना दगड अशा प्रत्येक खुणेवर थांबून जीपीएसची नोंद घ्या आणि ठिकाणाचं गावातलं नाव लिहा. कक्ष (जंगलाचा तुकडा) क्रमांक वनविभागाच्या नकाशावरून नंतर जोडता येतो. शेजारच्या गावांना आधीच बोलवा. सीमा एकमेकींवर चढत असतील, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला द्यायचा असतो. तिथे मिटलं नाही, तरच प्रकरण उपविभागाकडे जातं.

पुरावे एकापेक्षा जास्त लागतात. तुमच्या भागात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रान-पाण्याच्या वहिवाटीच्या जुन्या सरकारी नोंदी) हे सर्वांत भक्कम. त्यांच्या जोडीला वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब घ्या. फक्त उपग्रहाच्या चित्रावर कुणी अडून बसलं, तर तो एकमेव पुरावा मागता येत नाही, हे नम्रपणे दाखवून द्या.

गणपूर्ती मोजून घ्या. ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला. सह्यांच्या रजिस्टरवर हे आकडे जुळले नाहीत, तर बाकी सगळं बरोबर असूनही ठराव लटकतो.

हक्काचा अभिलेख हातात आला की लगेच तीन गोष्टी तपासा. हक्क ग्रामसभेच्या नावावर आहे का? कित्येकदा तिथे ग्रामपंचायत किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समिती असं लिहिलेलं असतं. क्षेत्र तुमच्या नकाशाइतकंच आहे का? आणि राखण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन हा हक्क त्यात लिहिला आहे का? निस्ताराचा जुना नमुना भरला असेल, तर हा हक्क त्यात येत नाही. सामूहिक वनसंसाधनाचा नमुना वेगळा आहे.

प्रश्न : हक्क मिळून दोन वर्षं झाली. यंदा बांबू काढून विकायचा आहे. वाहतुकीचा परवाना कोण देणार? आणि तोडीचे नियम काय ठेवावेत?
— वनव्यवस्थापन समिती, चंद्रपूर जिल्हा

वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात मोडतो. वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देऊ शकते आणि त्यावर स्वामित्वशुल्क लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टरवर हक्क मिळाला होता, तरी परवाना पुस्तिका हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. त्यानंतर २०१२मध्ये नियमच बदलले. पुस्तिकेत अनुक्रमांक, नग, ठिकाण, गाडी क्रमांक आणि खरेदीदार हे सगळं भरा, आणि तिची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्या. कायद्याने मागितली नसली तरी द्या. नाक्यावर गाडी अडली की तिचाच उपयोग होतो.

आता तोडीविषयी. खरी कसोटी इथे लागते. मानवेल या बांबूच्या बेटात यंदाचे वास्ते (नवे कोंब) आणि गेल्या वर्षीची काठी यांना हात लावायचा नाही. कोवळी काठी ओळखणं सोपं असतं. पेऱ्यांवर आवरणं चिकटलेली असतात आणि साल हिरवीगार, भुरकट पावडर लागल्यासारखी दिसते. नवा कोंब जुन्या काठीच्या अन्नावर वाढतो, म्हणून पक्व काठ्याही सगळ्या काढायच्या नाहीत. आठापेक्षा कमी काठ्यांचं बेट तसंच सोडा. तोड जमिनीपासून साधारण १५ ते ४५ सेंटिमीटरवर, पेऱ्याच्या लगेच वर, तिरकी आणि धारदार कोयत्याने करा. पेऱ्याच्या बरंच वर तोडलं, तर वरच्या पोकळीत पाणी साचून खुंट कुजतो. फार उंच तोडलं, तर पुढच्या वर्षी आत शिरायला वाट राहत नाही आणि बेट गुंतून जातं. मजूर सोपं म्हणून कडेच्या काठ्या तोडतात. नवे कोंब कडेलाच येतात, त्यामुळे बेटाचं सर्वांत जास्त नुकसान यातून होतं. एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरा आणि मधल्या जुन्या काठ्या काढा. पावसाळ्याचे चार महिने तोड बंद ठेवा. सगळ्या बेटांना एकदम फुलोरा आला, तर बी गळून पडेपर्यंत थांबा.

मजुरी नगावर द्यायची असेल, तर कोवळी काठी मोजायची नाही, असा ठराव आधीच करा. नाहीतर नियम कागदावरच राहतात.

प्रश्न : आमचा मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातला) तलाव बेशरम या तणाने भरला आहे. मासे कमी झाले, पाणीही लवकर आटतं. जेसीबी लावून गाळ काढावा, असं काहींचं म्हणणं आहे. काय करावं?
— मच्छीमार संस्थेचे सभासद, गोंदिया जिल्हा

आधी तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. छोटे तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे आणि मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि खालचे शेतकरी या तिघांचा ठराव घेऊन लेखी परवानगी काढा. शेतकऱ्यांना वगळलंत, तर तुडुम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचा यावरून पहिल्याच हंगामात भांडण होईल.

बेशरम उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मुळासकट उपटायची. तिचा टाचेएवढा तुकडा ओलीत पडला तरी फुटतो. म्हणून कापून तिथेच टाकू नका. पाळीबाहेर नेऊन वाळवा आणि जाळा. शेळ्यांना घालू नका, ती विषारी आहे. पुढची दोन वर्षं पावसाआधी एक फेरी मारून नवी रोपं काढत राहा.

जेसीबीबाबत आमचं मत स्पष्ट आहे. घाई करू नका. जुन्या तलावांचा तळ बशीसारखा उतरता असतो. कडेच्या उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचतं, तिथे पाणवनस्पती वाढतात आणि तिथेच मासा अंडी घालतो. यंत्राने उभ्या भिंतीचा खड्डा केला की ही कडच जाते. चिकणमातीचा थर फुटला, तर तलाव गळू लागतो आणि पाळीच्या पायथ्याशी खणलं, तर पाळ खचते. गाळ काढायचाच असेल, तर अभियंत्याकडून खुणा करून घ्या, उतार सौम्य ठेवा आणि पाळ व सलंग (सांडवा) यांच्याजवळ हात लावू नका. गाळ शेतात नेण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. हिशोब असा, की एका एकरात १० सेंटिमीटर थर द्यायला सुमारे ४०० घनमीटर गाळ लागतो. म्हणजे ३ घनमीटरच्या ट्रॉलीने जवळपास १३५ खेपा. वाहतुकीचा खर्च आधी मांडा.

बेशरम निघालेल्या जागी तळ नांगरून भुसभुशीत करा. पाऊस पडून घोट्याएवढं पाणी साचलं की जवळच्या चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती मुळासकट आणून हाताने लावा. पाण्याखाली वाढणाऱ्याही हव्यात आणि पानं वर तरंगणाऱ्याही. सगळ्या तलावात लावायला धावू नका, एक कोपरा धरा आणि पहिली दोन वर्षं तिथे जाळं व गुरं बंद ठेवा. कुठली वनस्पती कुठे तग धरते, हे मासेमारी करणाऱ्या ढीमर समाजातल्या बायांना जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्या खात्याच्या अहवालात सापडायचं नाही. निवड त्यांनाच करू द्या आणि ती लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या.

गवत्या माशाचं बीज मात्र सोडू नका. लावलेलं सगळं तो खाऊन टाकेल. रोहू, कतला, मृगल साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळ, शिंगी, मांगूर यांना कड आणि वनस्पती मिळाली की ते आपले आपण वाढतात. संस्थेच्या वहीत दोन्हींची आवक वेगळी लिहा. तीन वर्षांनी जिल्हा परिषदेपुढे बोलताना हीच वही कामी येईल.

तुमच्या भागात धानाच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं, तर तेवढा तुकडा पिल्लं बाहेर पडेपर्यंत सोडा, आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे.

प्रश्न : रानडुकरांनी धान लोळवलं. तक्रार केली, पण भरपाई नाकारली. कुंपणात वीज सोडली तर?
— शेतकरी, भंडारा जिल्हा

वीजवाहिनीवरून तारेत प्रवाह सोडू नका. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. भरपाईचा अर्ज बहुधा मुदतीवर फसतो. पीकनुकसानीची तक्रार तीन दिवसांत द्यावी लागते. अर्जाला सातबारा आणि ठसे व लोळवणीचे फोटो जोडा. पंचनामा होईपर्यंत धान कापू नका. संपर्कासाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. वाघ-बिबट्याने पाळीव जनावर मारलं, तर ४८ तासांत कळवा आणि मृत जनावर हलवू नका. त्यावर विष टाकणं तर मुळीच नको. वाघ-बिबट्याबरोबर कुत्री आणि गिधाडंही त्याने मरतात.

सौर कुंपण चालेल, त्यात ठोक्याठोक्याने प्रवाह येतो. जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान आहे, अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. कुंपण निकामी होण्याची कारणं ठरलेली असतात. तारेला गवत टेकलं की प्रवाह जमिनीत जातो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचं गवत काढा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईभोवतीची माती कोरडी पडते आणि झटका लागत नाही, तेव्हा तिथे पाणी ओता. सर्वांत खालची तार जमिनीपासून फार उंच ठेवू नका, डुक्कर खालूनच घुसतं.