उत्तर: बाबांच्या मालिकेच्या यू-मॅटिक कॅसेटी आणि 'एचडी करून देतो' म्हणणारा स्टुडिओ

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. बाबांनी १९९० च्या सुमारास दूरदर्शनसाठी केलेली १३ भागांची मालिका, कपाटात यू-मॅटिक (तेव्हा टीव्हीवाले वापरायचे त्या जाड व्हिडिओ) कॅसेटी, आणि स्टुडिओवाला म्हणतोय "कॅसेटी ठेवून जा, सगळं एचडी करून पेन ड्राइव्हवर देतो". मी हेच ऐकलं होतं, जवळजवळ शब्दनशब्द. फक्त मालिका माझ्या मामाची होती.

कॅसेटची बुरशी, प्लेअर कुठे मिळेल वगैरे बाकीच्यांनी वर लिहिलंय, ते परत उगाळत नाही. मी माती कुठे खाल्ली तेवढं सांगतो.

वर्क ऑर्डरवर मी एकच ओळ लिहून दिली, 'एचडी करून द्या'. बस्स. त्यांनी अगदी तेच केलं. १९२० बाय १०८०, टीव्हीभर पसरलेलं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, एमपी४. घरी लावलं तेव्हा सगळे खूश, मामीचे डोळे भरून आले, मी पण कॉलर ताठ करून बसलो. मग तिसरा भाग लागला, त्यात मंगळागौरीची फुगडी आहे. दोन मुली गरगर फिरतायत आणि प्रत्येकीला दोन दोन वेण्या, एक खरी आणि तिच्या मागे एक भुतासारखी. हातातल्या बांगड्यांचा नुसता धूर. मामा एवढंच म्हणाला, "हे असं नव्हतं रे."

नव्हतंच. आपल्याकडच्या पाल (जुन्या टीव्हीची पद्धत) टेपवर सेकंदाला ५० फील्ड असतात, प्रत्येकात निम्म्याच ओळी, पण प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. जुनं टीव्हीचं चित्र असं पाण्यासारखं वाहतं ते त्या ५० मुळे. घाईत काम करणारा माणूस दोन दोन फील्ड एकमेकांत कालवून २५ फ्रेम करतो आणि निम्मी हालचाल तिथेच मरते. ती नंतर कुठलंही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणू शकत नाही. वर ४:३ चं (जुन्या टीव्हीचं चौकोनी) चित्र १६:९ च्या रुंद पडद्यात बसवायला वरून-खालून मिळून चक्क चौथा हिस्सा कापला होता. आजीच्या क्लोजअपमध्ये कुंकूच गायब, आणि शेवटच्या पाटीवरची खालची ओळ, म्हणजे संकलकाचं नाव, अर्धं.

जाब विचारायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा थंडपणे म्हणाला, "सर, तुम्ही एचडीच मागितलं होतं." मग निदान कापाकापी करायच्या आधीचं मूळ कॅप्चर द्या म्हटलं तर ते डिलीट केलेलं, "स्पेस लागते ना सर". आणि कॅसेटी? पावतीच्या मागे बारीक अक्षरात '९० दिवसांनंतर जबाबदारी नाही' असं होतं, त्याखाली माझीच सही. गोडाऊनमध्ये एक अख्खा पावसाळा काढून १३ पैकी ९ परत आल्या, त्याही पांढऱ्या बुरशीसकट. उरलेल्या चारसाठी आठ महिने "शोधतोय सर" ऐकलं. नाव लिहीत नाही, उगाच लफडं नको. पण त्या चार भागांचं आमच्याकडे तेव्हा ती विद्रूप एमपी४ सोडली तर काही उरलं नव्हतं. तिसरा भाग त्यातलाच.

म्हणून आधी कॅसेटी घरी आणा, बाकीचं सगळं त्यानंतर.

आता एचडीचं. बाबांना विचारा, शूटिंग फिल्मवर होतं की टेपवर? सगळा खेळ इथे आहे. जुनी मालिका एचडी होते म्हणून लोक लगेच 'स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेचं उदाहरण देतात, पण ती मालिका ३५ एमएम फिल्मवर शूट झाली होती, फक्त एडिटिंग टेपवर होतं. २०१२ ते २०१४ मध्ये ब्लू-रे काढताना नेगेटिव्ह शोधून सातही सीझन नव्याने कापून जोडावे लागले, इफेक्ट्सचे थर नव्याने एकावर एक रचावे लागले. तो खर्च एवढा की त्याच घरातल्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' तशाच राहिल्या. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतली १९७० ची 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' ही कथा बघा, संपामुळे स्टुडिओ मिळेना म्हणून अख्खी १६ एमएमवर बाहेर शूट केली, आणि म्हणूनच २०१३ मध्ये तिची खरीखुरी एचडी ब्लू-रे निघाली. तिच्या आगेमागेच्या कथांचं स्टुडिओतलं काम व्हिडिओ टेपवर, त्यांना ते भाग्य नाही.

तुमच्याकडे कुठे नेगेटिव्ह निघालं (डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर अजिबात वेळ काढू नका) तर पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म संग्रहालय आहे, तिथे सल्ला विचारा. पण शूटिंगच यू-मॅटिकवर असेल तर त्या टेपमध्ये एचडी नाहीच. उभ्या ५७६ ओळी, संपलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एआयने वाढवतात त्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. (हेमावैम, म्हणजे हे माझं वैयक्तिक मत, कुणी लगेच अंगावर येऊ नका.) चेहरे मेणाचे होतात, नऊवारीच्या काठाची नक्षी मशीन स्वतःच्या मनाने विणतं, आणि सीनमध्ये कुणाच्या हातात पेपर असेल तर त्यावर कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं उगवतात. करायचंच तर कॉपीवर करा.

मी आज वर्क ऑर्डर लिहिली तर अशी लिहीन: ७२० बाय ५७६, इंटरलेस (म्हणजे फील्ड वेगवेगळीच) आहे तसंच, ४:३, १० बिट, एफएफव्ही१ (चित्र न बिघडवता फाइल लहान करणारी पद्धत) मध्ये, मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपचं हलतं चित्र स्थिर करणारं यंत्र) लावून, नॉइज रिडक्शन नको, काप नको, आणि मी शेजारी बसणार. शेजारी बसू देत नसतील तर उठून निघा. कॉम्प्रेस न करता हे तासाला ९० जीबीच्या वर जातं, एफएफव्ही१ मध्ये साधारण निम्म्यावर येतं आणि कणभरही बिघडत नाही. दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुसऱ्या घरी ठेवा. फाइल हातात आली की कुणीतरी झरझर चालतंय असा शॉट पॉज करून बघा. कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर पेढे वाटा. लोक तो बिघाड समजतात पण दोन्ही फील्ड जिवंत असल्याची ती खूण आहे.

बघायची प्रत नंतर बनवा, क्यूटीजीएमसी नावाची फुकट स्क्रिप्ट आहे, ती ५० फील्डचे ५० फ्रेम छान करते. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, नातेवाईक कुरकुर करतील, करू देत. डिस्क करायची असेल तर साध्या ब्लू-रेला १०८० मध्ये सेकंदाला पूर्ण ५० फ्रेम चालत नाहीत, ७२० वर चालतात.

हक्कांचं मी वकील नाही म्हणून थोडक्यात. मालिका प्रायोजित होती की दूरदर्शनने स्वतः बनवून घेतली होती ते जुन्या करारात बघा, त्यावर बरंच ठरतं. शीर्षकगीताचं वेगळं तपासा.

अवांतर: नातेवाइकांकडच्या घरगुती व्हीएचएस कॅसेटी विचारून ठेवा. आमच्या एका मावशीने सांगलीला टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला तिसरा भाग गेल्या दिवाळीत माळ्यावर सापडला. चित्र धूसर, रंग उडालेले, मध्येच एक साबणाची जाहिरात. पण फुगडीत प्रत्येकीला एकच वेणी आहे.